रविवारचा ससा

रेणापूर,
४ मार्च २०२४

हरिओम भाऊ,

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. मी सिंधु. गेल्या महिन्यात लग्न झाल्यावर पाचव्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या आईनं माझी ओटी भरली, पातळ नेसवलं आणि म्हणाल्या, "आरती गेली, तिच्या जागी तू. आता हे तुझं माहेर." मला सख्खा भाऊ नाही. म्हणून त्या शब्दाला धरून तुम्हाला लिहिते. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चहाचे कप उचलून आत गेलात, ते परत बाहेर आलाच नाहीत.

शिवांगीबद्दल विचारायचं आहे. नऊ महिने ती तुमच्याकडे राहिली. इथं आणल्यापासून नीट जेवत नाही. वरण-भात पुढं ठेवला की ताटात बोट फिरवत बसते. ती मारत नाही, रागावत नाही. मला "ओ" म्हणून हाक मारते. "ओ, पाणी द्या." पाच वर्षांची पण झाली नाही, आणि मला पाहुण्यासारखं अहो-जाहो करते.

फोन केला असता, पण यांनी तुमच्याशी बोलणं बंद केलं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तुमचा आवाज ऐकला की पोरगी दोन-दोन दिवस दारात बसून राहते. यांचं म्हणणं, जखमेवरची खपली कशाला काढायची. मला ते अर्धं पटतं. पत्राचं यांना सांगितलं आहे, चोरून लिहीत नाही. "लिही, पण पोरीला भरीला घालू नका म्हणावं," असं म्हणाले.

काल रविवार होता. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी विचारलं, काय पाहिजे? म्हणाली, "ससा." मला वाटलं खेळण्यातला. तर म्हणाली, "फळांचा. मामा करतो तसा. रविवारी असतो."

तो कसा करायचा ते कळवा. फळं इथं बाजारात मिळतात.

सिंधु


नांदेड,
९ मार्च २०२४

सिंधुताई, नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. आधी एक कच्चं पत्र लिहिलं, मग हे. माझं शिक्षण नववीपर्यंत झालं आहे, तेव्हा लिहिण्यात काही कमी-जास्त झालं तर समजून घ्या.

त्या दिवशी मी कप घेऊन आत गेलो त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गळ्यातला टाक मला दिसला. दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक घालायचा ही रीत मला माहीत होती. पण आपल्या ताईची नखाएवढी चांदीची मूर्ती कुणाच्या गळ्यात बघायची सवय नव्हती. तुमची त्यात काही चूक नाही.

आता ससा.

सफरचंद मध्यम घ्या. मोठं घेतलं तर ससा डुकरासारखा दिसतो. कापायच्या आधी वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ठेवा. कापलेला प्रत्येक तुकडा त्यात बुडवून काढला की काळा पडत नाही. मीठ चिमटीपेक्षा जास्त नको, नाहीतर ती पहिल्याच घासाला थुंकते.

सफरचंदाचं अर्धं करा. एक अर्धं ताटलीत पालथं ठेवा, ते अंग. दुसऱ्या अर्ध्याच्या लांबट दोन फोडी, साल न काढता, ते कान. अंगाला देठाच्या बाजूनं दोन तिरक्या चिरा द्या आणि कान त्यात खोचा. चीर खोल गेली तर कान पडतात, उथळ झाली तर उभेच राहत नाहीत. अंदाजे बोटाचं अर्धं पेर. शेपटीला केळ्याची जाड चकती. डोळ्यांना डाळिंबाचे दोन दाणे. खाली हिरवी द्राक्षं अर्धी-अर्धी कापून पसरा, ते गवत. द्राक्षं उभी कापा, आडवी कापली तर गोल राहतात आणि लहान मुलाच्या घशात अडकतात. हे विसरू नका.

चाकू तुमच्याच हातात ठेवा. तिला चमचा द्या, केळं चमच्यानं कापलं जातं. डोळे तिला लावू द्या. वाकडे लागले तरी सरळ करू नका, सरळ केले की ती ताटली लोटून देते.

अजून तीन गोष्टी आहेत. ससा झाला की तिला ताटली घेऊन थोडा वेळ एकटं बसू द्या. तिच्या ताटलीतलं दुसऱ्या कुणी खायचं नाही, एक द्राक्षही नाही. आणि रविवार सोडून दुसऱ्या दिवशी करायचं नाही. असं का, ते मला नीट लिहिता येणार नाही. तिची सवय आहे असं समजा.

मी इथं वजिराबादला अजीजभाईंच्या फळांच्या दुकानात कामाला आहे. फोडी कापून प्लेटा भरायचं काम माझ्याकडं आहे. तिथंच हा नाद लागला. अजीजभाई म्हणायचे, "हरिओम, गिऱ्हाईक सेब मांगरा, तू खरगोश बनारा." आता मी बनवत नाही.

पत्र मिळालं का ते कळवा. पत्ता बरोबर आहे ना तेही.

हरिओम


रेणापूर,
१८ मार्च २०२४

हरिओम भाऊ,

पत्ता बरोबर आहे. पोस्टमन म्हणाला, इतकं सुवाच्य अक्षर हल्ली बघायला मिळत नाही.

काल ससा केला. पहिल्या सफरचंदाचे कान मोडले, दुसऱ्याचे उभे राहिले. शिवांगीनं डोळे लावले. दोन्ही एकाच बाजूला. मी हात मागं बांधून बसले, सरळ केले नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या बजरंगरावांची तिन्ही पोरं आली. त्यांनाही चमचे दिले. मोठ्यानं पपईचा हत्ती केला, तो कुणालाच हत्ती वाटला नाही. मधलीनं संत्र्याच्या फोडींचा मासा केला, तो बरा झाला. धाकट्यानं एक अख्खं केळं ताटलीत ठेवलं, त्याला दोन दाणे चिकटवले आणि म्हणाला, "साप." मी म्हटलं, अरे, हे तर केळंच आहे. म्हणाला, "झोपलाय." मी हसत होते, आणि बघितलं तर शिवांगीही हसत होती. तिचे खालचे दात किती बारीक आहेत ते मला काल दिसलं.

मग तिनं ताटली उचलली, आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी गेले नाही. पण दाराशी उभी राहिले, खोटं कशाला बोलू. ती सशाशी बोलत होती. सगळं ऐकू आलं नाही. एवढं आलं, "ही बाई केस लई ओढते." मला हसू आवरेना. आज सकाळी तेल लावून, मुळाशी धरून, हळूच विंचरले. गप्प बसून राहिली, आणि वेणी झाल्यावर मागं वळून माझ्याकडं बघितलं.

पोरं बाहुलीशी बोलतात तशी ही सशाशी बोलते. बोलून झाल्यावर सगळं खाल्लं. कानसुद्धा. नंतर दोन घास भातही खाल्ला.

हे म्हणाले, "आता सासरवाडीहून पत्रानं ससे यायला लागले का?" पण रागानं नाही म्हणाले. कान मोडलेलं पहिलं सफरचंद यांनीच खाल्लं.

पुढच्या वेळचा प्राणी कळवा. सोपा सांगा.

सिंधु


नांदेड,
२३ मार्च २०२४

सिंधुताई,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं भाताचं परत वाचायला लावलं. दोन घास म्हणजे किती मोठे, असं विचारत होती. मी म्हटलं, आई, पत्रात घास मोजून येत नाही.

कासव सोपं आहे. पेरू थोडा कच्चा घ्या. अर्धा कापा, बिया चमच्यानं काढा, कारण तिच्या दातात अडकतात. तो पालथा ठेवा, ती पाठ. सालीवर चाकूच्या टोकानं हलक्या आडव्या-उभ्या रेघा ओढा. चार पायांना चार हिरवी द्राक्षं आणि डोक्याला एक काळं. या वेळी द्राक्षं अख्खी ठेवावी लागतात. खाताना मात्र तिला एकेक कापून द्या.

शेजारच्या पोरांना त्यांची-त्यांची वेगळी ताटली द्या. शिवांगीच्या ताटलीतलं कुणी उचलू नये हे पुन्हा लिहितो. मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण तीन पोरं आहेत म्हणून पुन्हा. आणि ती आत काय बोलते ते कृपा करून ऐकू नका.

ती केसांचं बोलली याचं मनावर घेऊ नका. ताई पण केस ओढायची.

एक विचारायचं नाही असं ठरवून पत्र लिहायला बसलो होतो. ती माझं नाव काढते का?

हरिओम


रेणापूर,
१ एप्रिल २०२४

हरिओम,

काल काय झालं ते लिहिते, आणि मग तुम्ही मला एका गोष्टीचं खरं उत्तर द्यायचं.

कासव केलं. छान झालं होतं. शिवांगीनं स्वतः चारी पाय लावले. आठ दिवसांत ती माझ्याशी बोलायला लागली होती, परवा तर भाजी निवडताना माझ्या मांडीला टेकून बसली. कालही माझ्या शेजारीच होती. ताटली तयार झाली आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, तुम्ही दोनदा बजावलेलं मी विसरले नव्हते, पण मला वाटलं ते परक्यांसाठी आहे. मी आता परकी नाही असं मला वाटलं. मी लाडात म्हटलं, "एक पाय मला?" आणि एक द्राक्ष उचलून तोंडात टाकलं.

तिनं जी किंकाळी फोडली ती बजरंगरावांच्या घरी ऐकू गेली. माझ्या तोंडात बोटं घालून द्राक्ष बाहेर काढायला लागली. मी घाबरून थुंकलं. ते चावलेलं बघून तिनं ओट्यावर डोकं आपटलं. म्हणत होती, "आईला खाल्लं. आईला खाल्लं." मी जवळ घ्यायला गेले तर माझ्या गळ्यातल्या टाकाला धरून ओढलं आणि म्हणाली, "गळ्यात पण बांधून ठेवली, आता खाल्ली पण."

दोरा तुटला. टाक मोरीपाशी जाऊन पडला. हे धावत आले. तिच्यावर हात उचलला यांनी, मी मध्ये पडले.

कालपासून तिनं पाणी सोडून काही घेतलं नाही. उरलेलं कासव फडक्यात गुंडाळून उशाशी घेऊन झोपली. आज पेरू काळा पडला आहे, मुंग्या लागल्या आहेत. ती मुंग्या एकेक करून वेचते आहे. मला हात लावू देत नाही.

हे म्हणतात, पोरीच्या डोक्यात हे तिकडूनच भरून पाठवलं आहे. मी म्हटलं, असं नसेल. आता तुम्ही सांगा. तुम्ही तिला काय सांगून ठेवलं आहे?

सिंधु


नांदेड,
५ एप्रिल २०२४

सिंधुताई,

पत्र आज सकाळी मिळालं. दुकानातून सुट्टी घेतली आणि लगेच लिहायला बसलो.

दाजींचं बरोबर आहे. ते मीच सांगितलं आहे. आईला सगळं माहीत नव्हतं, तिला दोष देऊ नका.

मे महिन्यात ताईला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. दहाव्याला रेणा नदीच्या काठी भाताचा पिंड ठेवला होता. शिवांगी चार वर्षांची. माझ्या कडेवर होती. तिनं विचारलं, "भात कुणाला?" कुणीतरी बाई म्हणाली, "तुझ्या आईला." कावळा आला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी हात जोडले. तीच बाई म्हणाली, "बघ, आई आली. कावळा होऊन जेवली, आता सुखानं जाईल." पोरगी बघतच राहिली. तिनं हाक नाही मारली. फक्त माझ्या कानात विचारलं, "आई आता अशी येणार?" मी हो म्हटलं. त्या गर्दीत दुसरं काय म्हणणार होतो?

नंतर नांदेडला आणली तर तीन दिवस जेवली नाही. कौलांवरच्या कावळ्यांना हाका मारायची, ते उडून जायचे. रविवारी मी दुकानातून डागी सफरचंदं आणली आणि तिला हसवायला ससा केला. तिनं बराच वेळ बघून विचारलं, "आज आई ससा होऊन आली?"

सिंधुताई, मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तिनं विचारताना ताटली स्वतःकडं ओढली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा खाण्याच्या वस्तूला हात लावला होता. मी म्हटलं, "हाव, आईच."

मग दर रविवारी आई यायची. कधी मासा, कधी सुरवंट, कधी हत्ती. ती आत बसून आठवड्याचं सगळं सांगायची. मग खायला तयार होईना, आईला कसं खायचं म्हणून. तेव्हा मी दुसरं खोटं बोललो, की तू खाल्लंस की आई तुझ्या पोटात राहते, आणि दुसऱ्या कुणी खाल्लं की त्यांच्याकडं जाते. म्हणून ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ती बाहुलीशी बोलत नव्हती. तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर देतानाच मी हे लिहायला हवं होतं. कच्च्या पत्रात लिहिलंही होतं. पक्क्यातून काढलं. मला वाटलं, तुम्ही हे वाचलं तर ससा बंद कराल, मग ती जेवणार नाही. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. रविवार चालू राहिला तर त्यात माझा थोडा भाग राहील असं वाटलं.

मी येऊन तिला सांगितलं असतं. पण दाजी दारात उभं करणार नाहीत आणि तिच्यासमोर भांडण नको. सोबत तिच्यासाठी चिठ्ठी ठेवतो. तुम्हीच वाचून दाखवा. एक शब्दही सौम्य करू नका. मी सौम्य करूनच हे सगळं करून ठेवलं आहे.

टाक सापडला का?

हरिओम


(सोबतची चिठ्ठी)

शिवांगी,

मामा तुला खोटं बोलला. ससा आई नव्हती. ते सफरचंद होतं. मासा, सुरवंट आणि हत्ती पण आई नव्हती. ती फळं मामानं दुकानातून आणली आणि तू आणि मामानं मिळून त्यांचे प्राणी केले. ते छान झाले होते. पण त्यात आई नव्हती.

सिंधुकाकूनं आईला खाल्लं नाही. काकूनं द्राक्ष खाल्लं. काकूला कुणी सांगितलं नव्हतं. चूक मामाची आहे.

आई मरण पावली आहे. ती परत येणार नाही, कशातूनच येणार नाही. तू आत बसून जे बोलायचीस ते आईला ऐकू गेलं नाही. मामाला कधी कधी ऐकू यायचं. आता जे सांगायचं असेल ते काकूला सांग. ती ऐकते आणि ऐकल्यावर तसं वागते.

तुला मामाचा राग येईल. येऊ दे.

मामा


रेणापूर,
१५ एप्रिल २०२४

हरिओम भाऊ,

टाक सापडला, दोरा नवीन ओवला. आता पदराच्या आत ठेवते.

चिठ्ठी मिळाली त्या दिवशी वाचायचं धाडस झालं नाही. आधी यांना वाचून दाखवली.  हे उठून बाहेर गेले, तासाभरानं आले आणि म्हणाले, "वाच तिला. मी बसतो शेजारी."

ती पाटावर बसून ऐकत होती. मी एकही शब्द बदलला नाही. झाल्यावर तिनं विचारलं, "मासा?" मी म्हटलं, मामानं केला होता. "सुरवंट?" मामानंच. "हत्ती? सोंडेचा?" तोही मामानंच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बोटांवर एकेक घेत होती, जसं शाळेतली बाई हजेरी घेते. मला प्रत्येकाला "मामानं" म्हणावं लागत होतं. मग म्हणाली, "एक पण आई नव्हती?" मी म्हटलं, "एक पण नाही, बाळा."

मग रडली. भाऊ, मी तिला इतक्या दिवसांत रडताना बघितलंच नव्हतं, ओरडताना बघितलं होतं. दुपारी दोनला सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत. यांच्या खांद्यावर, मग माझ्या. मला "तू" म्हणाली. "तू जाऊ नको." झोपेत होती, पण म्हणाली. दुसऱ्या दिवशी उठून अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

तुमच्यावर रागावली आहे. तुमच्याकडचा निळा फ्रॉक कपाटातून काढून दाराबाहेर ठेवला. मी म्हटलं, मामाला काय कळवू? म्हणाली, "येऊ नको म्हण." हे लिहू की नको असं झालं होतं. पण आता एकमेकांना खरं तेच लिहायचं, म्हणून लिहिलं. तिचा राग ओसरेल असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही.

तुम्ही विचारलं होतं, ती तुमचं नाव काढते का. काढत होती. रोज.

आता एक राहिलं आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. काल अंगणात खरकटं टाकलं तर कावळा आला. ती माझ्या पाठीमागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "प्राणी मामानं केले. पण कावळा मामानं केला नव्हता. तो नदीवर आपणहून आला. मग तो आई होता ना?"

मी काय सांगू? हे म्हणाले, "तेवढं असू दे तिला. एक कावळा राहू दे." सासूबाई म्हणतात, धर्माचं आहे, त्यात नाही म्हणू नका. कालपासून ती जेवताना पहिला घास अंगणात नेऊन ठेवते आणि कावळा येईपर्यंत तिथं उन्हात उभी राहते. आज तो आला नाही. तीही जेवायला आली नाही.

तुम्ही त्या दिवशी तिथं होतात. तुम्ही सांगाल तसं सांगते.

सिंधु


नांदेड,
१९ एप्रिल २०२४

सिंधुताई,

ती तुम्हाला "तू" म्हणाली ते वाक्य आईला वाचून दाखवलं. निळ्या फ्रॉकचं दाखवलं नाही. मी येणार नाही. ती म्हणेपर्यंत येणार नाही.

कावळ्याचं लिहायच्या आधी त्या दिवसाचं राहिलेलं सांगतो. दाजींना ते माहीत आहे. तुम्हाला त्यांनी सांगितलं नसावं, नाहीतर माझ्यावर इतका राग का, हे तुम्ही विचारलं असतं.

पिंड ठेवल्यावर कावळा तासभर शिवलाच नाही. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, एकही खाली येईना. सगळे म्हणायला लागले, तिचा जीव कशात तरी अडकला आहे, तिला शब्द द्या. दाजी पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "आरती, पोरीला काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही. त्यांनी तीनदा म्हटलं. चारचौघांत, सगळ्या भावकीसमोर. ऊन चढलं होतं. मग कुणीतरी मला पुढं ढकललं. मी म्हटलं, "ताई, शिवांगीला मी सांभाळीन." आणि एक कावळा उतरला.

दाजींनी तेव्हा माझ्याकडं बघितलं, ते मी विसरलो नाही. त्यांनी पोरगी माझ्याकडं नऊ महिने ठेवली ती त्या कावळ्यामुळं. आणि फोन बंद केला तोही त्यामुळंच, असं मला वाटतं. नवऱ्याच्या शब्दाला बायको आली नाही आणि मेव्हण्याच्या शब्दाला आली, हे माणूस कसं विसरेल?

आणि मी त्या कावळ्याच्या जिवावर राहिलो. पोरगी इकडं होती तेव्हा वाटायचं, ताईनं ऐकलं आहे. तुम्ही तिला घेऊन गेलात तेव्हा वाटलं, ताईला दिलेला शब्द मोडला. दुकानात फोडी कापताना छपरावर कावळा ओरडला की माझा हात थांबायचा. एकदा बोट कापलं, टाके पडले. अजीजभाई म्हणाले, "अरे, कव्वा है, भुका हुईंगा." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

शिवांगीला लिहिलं की आई कशातूनच येणार नाही. आणि तो एक कावळा मी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. चिठ्ठीत मी सगळे प्राणी लिहिले, कावळा लिहिला नाही. विसरलो नव्हतो. पोरीनं नेमकं तेवढंच विचारलं.

दाजी म्हणतात, एक राहू दे. त्यांनी असं म्हणणं म्हणजे काय, हे मला कळतं. त्या कावळ्यानं सगळ्यात जास्त त्यांचंच मन मोडलं आहे. पण राहू दिला तर ती रोज उन्हात उभी राहील. कावळा आला नाही की तिला वाटेल, आई रागावली. मी अकरा महिने हेच केलं आहे, म्हणून सांगतो.

मी त्या दिवशी पिंडापासून चार हातांवर होतो. मी बोललो तेव्हा तासभर झाला होता आणि लोक कंटाळून मागं सरकले होते. जागा मोकळी झाली, म्हणून तो उतरला. त्याचा एक पाय अधू होता. त्यानं भात खाल्ला, थोडा सांडला, आणि दुसरा कावळा आला तेव्हा त्याच्याशी भांडला. त्यानं शिवांगीकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. ताई असती तर तिनं पोरीकडं बघितल्याशिवाय भाताला तोंड लावलं नसतं.



दाजींना सांगा, त्यांचा शब्द कमी पडला नव्हता. कुणाचाच पडला नव्हता. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

आणि शिवांगीला अंगणातून आत बोलवा, सावलीत बसवा आणि सांगा, तो कावळाच होता. त्याला भूक लागली होती. मामा अगदी जवळ उभा होता, त्यानं नीट बघितलं आहे.

हरिओम